दख्खनमधील गोड्या पाण्यातील मासेमारी : ‘मत्स्यविनोद’ आणि साइक्सच्या नोंदींतील अनामिक ज्ञाते

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या आहारेतिहासाचा विचार करताना मासे म्हटले की अभ्यासकाची दृष्टी साहजिकच कोकणकिनाऱ्याकडे वळते. घाटमाथ्यावरील प्रदेश ज्वारी-बाजरीचा व डाळीचा, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. वस्तुतः भीमा, कृष्णा, गोदावरी आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यांत नदीतला मासा स्वतः धरून तो घरी शिजविण्याची परंपरा जुनी आहे. तिची लिखित साधने मात्र थोडी आहेत, आणि जी आहेत ती मासे धरणाऱ्यांनी लिहिलेली नाहीत. प्रस्तुत लेखात अशा दोन साधनांचा विचार केला आहे. एक राजाने लिहिलेले आहे, तर दुसरे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने.

राजाचा विनोद

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ ते ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पद्यांच्या अवशेषांमुळे परिचित आहे. पाच विंशतींत विभागलेल्या या ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकीचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांतच ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण येते. १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि हे प्रकरण संस्कृतज्ञांच्या कक्षेबाहेर पोहोचले.

प्रकरणाचा विषय राजाची क्रीडा हा असला तरी त्याची मांडणी एखाद्या व्यवसायाच्या पुस्तकाला शोभेल अशी आहे. समुद्रातील व नदीतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम व लहान असे माशांचे वर्गीकरण करून सुमारे ३५ प्रकार नावांनिशी दिले आहेत. दोरी कशाची करावी, काठी व गळ कसे असावेत, आमिष कोणते लावावे हे त्यात येते. अधिक लक्षणीय आहे ती माशांना आधी खाऊ घालण्याची पद्धत. ठरलेल्या जागी खाद्य टाकून मासे सरावले की मग गळ टाकावा, असा हा क्रम आहे. कोणता मासा काय खातो, तो कुठे वावरतो आणि गळाला लागल्यावर कसा वागतो हे माहीत असल्याखेरीज असे लिहिता येणार नाही. सिंहासनावर बसून ते कळत नाही. पिढ्यान् पिढ्या पाण्यात उभे राहणाऱ्या कोणाकडून तरी ते राजापर्यंत गेले असले पाहिजे. नावेही याला दुजोरा देतात. रोहित, पाठीन यांसारख्या रूढ संस्कृत शब्दांच्या जोडीला तेथे देशी वळणाचे शब्द भेटतात. ‘मरील’ हे नाव आजच्या मरळाशी जुळते असे दिसते.

मासा शिजविण्याचा भाग याच ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतीत, ‘अन्नभोग’ प्रकरणात आला आहे. मासे साफ करून त्यांचे तुकडे करणे, चिंचेच्या रसाचा वापर, तेल, मीठ आणि हिंग यांमुळे ही कृती आजच्या वाचकाला परकी वाटत नाही. फरक आहे तो तिखटाचा. मिरची पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची असल्यामुळे सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखटपणाचा भार मिऱ्यावर होता. आज आपण ज्याला ‘अस्सल गावरान कालवण’ म्हणतो त्याचा लाल रंग तुलनेने अलीकडचा आहे, ही गोष्ट जाता जाता नोंदवावी.

अधिकाऱ्याची यादी

सोमेश्वरानंतर सुमारे सातशे वर्षांनी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधील माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली (१८३९). मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून त्याने हा मुलूख पायाखाली घातला होता. त्याने नव्या जातींना दिलेली नावे पाहावीत : खुद्री, मुल्या, कोलस, बोग्गट, नुक्ता, सिंगटी. लॅटिन प्रत्ययांच्या जागी येथे सरळ मराठी शब्द आले आहेत. मळ्या, कोळस, शिंगटी ही नावे मासेमारांच्या बोलीतील आहेत. चमत्कारिक तोंडाचा ‘नुक्ता’ हा बहुधा आपला ‘नकटा’ असावा. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला खडस जगभरच्या मत्स्यशास्त्रात आजही ‘टॉर खुद्री’ या नावाने ओळखला जातो. नावापुढे साइक्सचे नाव लागते. त्याच्यासमोर टोपली ओतून ‘हा मळ्या, हा कोळस’ असे सांगणाऱ्याचे नाव कोठेही नाही.

भोई, कोळी, ढिवर या समाजांचा इतिहास लिहिताना आपण पालखी, बलुते आणि जातिनिर्णय यांत अडकतो. त्यांच्या ज्ञानाचा पुरावा मात्र राजाच्या करमणुकीत आणि प्राणिशास्त्राच्या नामावलीत विखुरला आहे. ही साधने त्या दृष्टीने वाचण्यास मराठी इतिहासलेखनाने फारसा वेळ दिलेला नाही, असे म्हणावे लागते.

नियमनाचा प्रश्न

साइक्सनंतर शासनाची दृष्टी बदलली. १८७३ मध्ये फ्रान्सिस डे याने गोड्या पाण्यातील मासेमारीवर अहवाल दिला. माशांचा साठा घटत असल्याची चिंता वाढत गेली आणि १८९७ च्या कायद्याने पाण्यात सुरुंग लावून अथवा विष कालवून मासे मारण्यास बंदी घातली. वनस्पतींच्या फळा-सालींनी डोहातले मासे गुंगविण्याची जुनी रीत आणि सुरुंग या दोहोंना या कायद्याने एकाच पंक्तीत बसविले. त्यांचे परिणाम सारखे नव्हते.

कायद्याच्या आधीपासून नियमनाची दुसरी एक रीत येथे होतीच. महाड तालुक्यातील वाळणकोंडात देवीचे म्हणून मानलेले मासे कोणी धरत नाही आणि भाविक त्यांना खाऊ घालतात. सोमेश्वराने सांगितलेली खाऊ घालण्याची युक्ती येथेही आहे. फक्त तिच्या शेवटी गळ नाही.

१९५२ मध्ये आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला गेला आणि पुढे तो धरणांत व नद्यांत पसरला. साइक्सच्या यादीतील कित्येक मासे मुळा-मुठेत दुर्मीळ झाले. मासेमारांनी या नव्या माशाला ‘चिलापी’ म्हटले, आणि आज नदीकाठच्या बाजारात टोपलीवर बसलेली बाई हेच नाव सांगून त्याचा भाव करते.