फरशीचं गुत्तं घेताय? लायसन्स, प्रमाणपत्र आणि विमा : नेमकं काय लागतं?

बीड तालुक्यातल्या नेकनूरमध्ये किंवा आसपासच्या गावांत फरशीचा गुत्तेदार सहसा मिस्त्रीतूनच तयार होतो. आधी रोजंदारी, मग स्क्वेअर फुटाच्या भावाने काम आणि पुढे हाताखाली चार-पाच माणसं. काम वाढतं, पण कागदपत्रं आधार आणि पॅनवरच थांबलेली असतात. मग कधी बँक, कधी बीडचा बिल्डर विचारतो, "लायसन्स आहे का?"

फरशीसाठी वेगळं लायसन्स असतं का?

नाही. वायरिंगच्या ठेकेदाराला परवाना लागतो, तसा खासगी घरात फरशी बसवण्यासाठी लागत नाही. व्यवसाय म्हणून मात्र काही नोंदण्या आहेत.

- शॉप अ‍ॅक्ट : २०१७ च्या कायद्यानुसार २० पेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती जपून ठेवा.
- उद्यम नोंदणी : मोफत असते आणि आधारवर होते. बँकेचं कर्ज किंवा चालू खातं काढताना उपयोगी पडते.
- जीएसटी : वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची. मालासकट गुत्तं घेतलं तरी कायद्याने ती सेवाच धरली जाते, त्यामुळे माल विकणाऱ्या दुकानदाराची ४० लाखांची मर्यादा इथे चालत नाही. मालासकट काम असेल तर फरशीची किंमतही तुमच्या उलाढालीत मोजली जाते. घरमालकाने फरशी स्वतः विकत घेतली तर फक्त मजुरी मोजली जाते.
- व्यवसाय कर : व्यावसायिकासाठी वर्षाला २,५०० रुपये.
- सरकारी काम : शाळा, अंगणवाडी किंवा कार्यालयाचं काम थेट घ्यायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेकडे ठेकेदार म्हणून नोंदणी लागते.

कंत्राटी कामगार पुरवण्याचा परवाना ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तरच लागतो. गावातल्या बहुतेक गुत्तेदारांचा त्याच्याशी संबंध येत नाही.

प्रमाणपत्राचा फायदा काय?

सक्ती नाही, पण मोठ्या बिल्डरकडे काम मागताना वजन पडतं. अनुभवी मिस्त्रीच्या हातातलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ कामांत गवंडीकामही आहे. त्यात ५ ते ७ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सध्या सुरू आहे का, हे सेवा केंद्रात आधी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं : विमा

ओल्या जागेत कटरचा शॉक लागतो, ग्रॅनाईटची लादी जिन्यात निसटते. कामावर असताना मजुराचा अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याची, म्हणजे तुमची. रोजंदारीवरचा मजूरही यात येतो. लेखी करार नव्हता म्हणून सुटका होत नाही.

रक्कम किती? मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. समजा मजूर ३० वर्षांचा आहे आणि मजुरी १५,००० रुपये धरली. ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. महिन्याभरात दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज आणि कारण पटलं नाही तर दंडही. एवढी रक्कम द्यायला शेत विकावं लागू शकतं.

त्यासाठी सामान्य विमा कंपन्यांकडे कामगार भरपाई पॉलिसी मिळते. हप्ता कामगारांची संख्या, कामाचं स्वरूप आणि एकूण मजुरीवर ठरतो. हप्ता वाचवायला मजुरी कमी दाखवू नका, दाव्याच्या वेळी तेच अंगलट येतं. हजेरी वही ठेवा आणि मजुरी शक्यतो खात्यावर द्या.

मजुरांसाठी आणखी दोन गोष्टी करा :

- बांधकाम कामगार मंडळात नोंदणी : वय १८ ते ६०, वर्षात किमान ९० दिवस काम. कामाचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देऊ शकतो. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाखांची मदत मिळते.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा : वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण, वय १८ ते ७०.

पण या दोन्ही गोष्टी मजुराच्या हक्काच्या आहेत. त्या मिळाल्या म्हणून तुमची भरपाईची जबाबदारी संपत नाही.

सुरुवात कुठून करायची?

शॉप अ‍ॅक्टची सूचना आणि उद्यम ही कामं सेवा केंद्रात लवकर उरकतात. जीएसटीचा विचार उलाढाल पाहून करा. कामगारांचा विमा मात्र पुढच्या कामावर पहिली फरशी बसण्याआधीच काढा.