तळटीप : मोळी, वाढे आणि एन्ट्री

‘मोळी पडली’ म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला. साखर कारखान्यांत दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजेला जोडपे बसवतात. पुढे गव्हाणीची पूजा करून उसाची पहिली मोळी टाकतात. मान कोणाला, यावरून रुसवेफुगवेही होतात.

ऊसतोडीच्या फडातली रीत वेगळी. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे तोडणीचे एक एकक, धरला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. हा अन्याय नोंदवायलाच हवा. वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, तोडणाऱ्यांचा हक्क मानतात. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरून झाल्या की बाई वाढ्यांच्या पेंढ्या बांधून विकायला बसते. घरखर्चाचा रोख पैसा हाच. तोडणाऱ्यांच्या टोळीला शेतकऱ्याने जेवण घालणे हा आपुलकीचा भाग. ऊस नेण्यासाठी ड्रायव्हर शेतकऱ्याकडून पैसे घेतो ती ‘एन्ट्री’ मात्र निव्वळ अडवणूक आहे : ऊस वाळत असताना शेतकरी नाही म्हणू शकत नाही. साखर आयुक्तालयाने अशा वसुलीविरुद्ध तक्रारी करायला सांगितले आहे. — संपादक