युरियाच्या गोळीमागचा माणूस

पत्रकारितेत नवा होतो तेव्हा 'शेतकऱ्यांना युरिया ब्रिकेटचे वाटप' अशी चार ओळींची बातमी लावली होती. पाहुण्यांची नावं सगळी छापली. गोळी आली कुठून, हे विचारायचंच राहिलं. आज ती चूक दुरुस्त करतो.

नाव आहे डॉ. एन. के. सावंत, मृदाशास्त्रज्ञ. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या एस. के. डे दत्ता यांच्यासोबत त्यांनी 1982 साली एक मोठा शोधलेख लिहिला. विषय होता, पाणथळ भातजमिनीत नत्राचं काय होतं. म्हणजे आपल्याच खाचरातला प्रश्न! उभ्या पाण्यात युरिया फेकला की त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. थोड्याचा नायट्रस ऑक्साईड होतो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 273 पट उष्णता वाढवतो. पैसा गेला तो गेला, वर हवाही तापली.

यावर उपाय साधा: खत चिखलात खोल पुरा. तिथे प्राणवायू नसतो, म्हणून नत्र अमोनियम रूपात टिकतो आणि मुळांना हळूहळू मिळतो. 1990 मध्ये सावंतांनी स्टँगेल यांच्यासोबत या पद्धतीची तत्त्वं मांडली. 1997 मध्ये भाताला लागणाऱ्या सिलिकावर लिहिलं.

हेच ज्ञान आपल्याकडे 'चारसूत्री भातशेती' म्हणून आलं. तुसाची राख नि पेंढा परत मातीत, गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे जेमतेम 170 किलो खत.

यानं सगळं सुटतं असं नाही. खाचरात पाणी तुंबलं की मिथेन होणारच. आणि खरी अडचण माणसांची. भर पावसात वाकून बासष्ट हजार गोळ्या रोवणार कोण? पोरं मुंबईला, घरी म्हातारी माणसं. मग युरिया फेकणंच परवडतं.

आता सगळीकडे 'कार्बन क्रेडिट'ची भाषणं चालू आहेत. माझं म्हणणं एवढंच: हवामानासाठी पैसा येणारच असेल, तर तो आधी चिखलात वाकणाऱ्या त्या पाठीला मिळायला हवा. शास्त्रज्ञानं त्याचं काम केव्हाच करून ठेवलंय.

तुमच्या वाडीत अजून कुणी गोळी लावत असेल तर कळवा. या वेळी बातमी चार ओळींची नसेल.