दिवटी आणि ज्वालायंत्र : मराठवाड्यातील प्रयोगांतील अग्नी व त्याची जबाबदारी

लोकसमुदायासमोर अग्नी प्रज्वलित करून प्रयोग सादर करणे ही मराठवाड्यात नवी गोष्ट नव्हे. माहूरच्या रेणुकेचा आणि तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ, माळेगावच्या खंडोबाचे जागरण, लातूरकडील वेळा अमावास्येस सायंकाळी शेताभोवती फिरविला जाणारा हेंडगा या सर्वांत ज्वालेला स्थान आहे. आज नांदेड आणि लातूर या शहरांतील विवाहसमारंभ, स्नेहसंमेलने व सार्वजनिक महोत्सव यांत ज्वाला दिसते ती निराळ्या रूपाची. मंचाच्या कडेस ठेवलेल्या यंत्रातून ती क्षणभर उसळते आणि नाहीशी होते. या दोन अवस्थांतील अंतर केवळ साधनांचे आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. तो अपुरा आहे. खरा फरक ज्वालेची जबाबदारी कोणाच्या हाती असते, या बाबतीत पडला आहे. आणि ज्वालेच्या सुरक्षिततेचा इतिहास म्हणजे मुख्यतः या जबाबदारीचाच इतिहास होय.

गोंधळाचे मूळ शोधताना अभ्यासकांनी चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सुमारे इ. स. ११३०) या ग्रंथातील ‘गोंडली’ या नृत्यप्रकाराकडे लक्ष वेधले आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी आजच्या लातूर जिल्ह्याच्या शेजारीच होती. गोंडली व गोंधळ यांचा संबंध कसाही ठरो, उत्तरकालीन गोंधळाचे साहित्य निश्चित आहे : संबळ, तुणतुणे, मांडलेला चौक आणि दिवटी. धातूच्या दांड्यावर घट्ट गुंडाळलेली चिंधी तेलात भिजवून पेटविली की दिवटी सिद्ध होते. तेल मात्र दिवटीत साठविलेले नसते. ते बुधलीत असते आणि लागेल तसे थोडथोडे घातले जाते. खंडोबाच्या उपासनेत दिवटी व बुधली यांचा उच्चार जोडीने होतो, यात धार्मिक संकेताबरोबर एक व्यावहारिक शहाणपणही आहे. इंधन आणि ज्वाला वेगवेगळी ठेवल्याने एका वेळी जळू शकेल एवढेच तेल ज्वालेपाशी राहते. विधीच्या अखेरीस दिवटी दुधात शांत करण्याची चालही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अग्नी आपोआप विझेल, असे येथे गृहीत धरलेले नाही. तो विझविणे हा विधीचाच एक भाग आहे.

तमाशाच्या फडातही विजेच्या आगमनापूर्वी प्रकाश मशालींचाच असे. मशाल धरणारा मनुष्य रात्रभर नर्तकीच्या आणि सोंगाड्याच्या जवळ उभा राही. गावगाड्यात मशाल धरण्याचे काम पुष्कळ ठिकाणी न्हाव्याकडे असे. वारा कोणत्या दिशेचा आहे, ठिणगी कोठे पडते, पदर किती अंतरावरून फिरतो, हे सर्व पाहणे त्याचेच काम. तथापि त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. शाहिराचे नाव कवनाच्या अखेरच्या ओळीत येते, नायकाचे नाव परंपरेत टिकते. परंतु ज्याच्या हातावर जळते तेल पडण्याचा संभव सर्वांत अधिक, तो मनुष्य इतिहासात निनावी राहिला. म्हणून जुन्या पद्धतीचे वर्णन करताना तिला निर्दोष मानण्याचे कारण नाही. मोठी आग नोंदली जाते, भाजलेला हात नोंदला जात नाही. जुनी व्यवस्था प्रेक्षकाला बरीच सुरक्षित ठेवी, पण ती जोखीम गावाच्या उतरंडीत खाली असलेल्या माणसाच्या अंगावर टाकूनच.

मराठवाड्याबाहेर, सांगलीस, विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि त्यानंतर पौराणिक नाटकांचे खेळ ठिकठिकाणी होऊ लागले. या खेळांत राक्षसाच्या प्रवेशास राळ उडवीत. राळेची बारीक पूड पेटत्या मशालीवर फेकली की मोठा भपकारा उठे. राळेचा खडा सावकाश जळतो. पण तिचे कण हवेत विखुरले की प्रत्येक कणाला सर्व बाजूंनी हवा मिळते आणि सर्व पूड एकदम पेट घेते. मराठीत ‘टीकेची राळ उडविणे’ हा वाक्प्रचार आजही वापरात आहे, मूळ क्रिया मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. इतिहासाच्या दृष्टीने या क्रियेचे महत्त्व असे की, येथे ज्वाला प्रकाशासाठी नव्हे, तर केवळ परिणामासाठी वापरली गेली. तरीही राळ किती व केव्हा फेकावयाची, हे ठरविणारा मनुष्य ज्वालेपासून हातभर अंतरावरच होता. चूक झाली तर झळ प्रथम त्यालाच लागे, आणि म्हणून मूठ भरताना तो सावध असे.

पुढे गॅसबत्ती आली, नंतर वीज आली, आणि मशालीचे प्रकाश देण्याचे काम संपले. हे स्थित्यंतर जेवढे दिसते त्याहून मोठे आहे. ज्वाला जोवर प्रकाशाचे साधन होती, तोवर तिच्यापाशी एक जाणता मनुष्य रात्रभर ठेवणे भागच होते. ती काही क्षणांचा चमत्कार झाल्यावर तिच्यासाठी कायमचा मनुष्य ठेवण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली.

बंदिस्त नाट्यगृहातील अग्नीचे स्वरूप युरोप-अमेरिकेने जबर किंमत देऊन ओळखले. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात रंगमंचावरील गॅसचे दिवे पेटविताना आग लागली आणि किमान ३८४ माणसे मृत्युमुखी पडली. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात ६०२ माणसे दगावली. या नव्या इमारतीची जाहिरात ‘पूर्णतः अग्निरोधक’ अशी करण्यात आली होती. अशा दुर्घटनांनंतर रंगमंच व प्रेक्षागार यांमधील अग्निरोधक पडदा, बाहेरच्या बाजूस उघडणारी दारे व स्पष्ट दिसणारे निर्गममार्ग यांचा आग्रह धरला जाऊ लागला. तरीही बंदिस्त जागेत ठिणग्यांचे खेळ करण्याचा मोह सुटला नाही. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे वाद्यवृंदाच्या प्रयोगात उडविलेल्या ठिणग्यांनी भिंतीवरील फोम पेटला व १०० जणांचा अंत झाला. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारिया येथे जवळजवळ तशाच प्रकारे २४२ जण मरण पावले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेला. याच्या उलट, १४ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीवर लावणीनृत्य चालू असता मंचाखालून पेटलेल्या आगीने संपूर्ण मंच गिळला, पण जीवितहानी झाली नाही. वर आकाश आणि सभोवती मोकळी वाळू होती. माणसांना बाहेर पडता आले. गोंधळाचे अंगण आणि तमाशाचा माळ यांनी पिढ्यानपिढ्या जे संरक्षण दिले, ते हेच.

आजच्या ज्वालायंत्रांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. काही यंत्रांत सिलिंडरमधील एल. पी. जी. विजेवर चालणाऱ्या झडपेतून सोडून ठिणगीने पेटवितात, तर काहींत आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखा द्रव दाबाने फवारून पेटविला जातो. एल. पी. जी. हवेहून जड आहे. गळती झाल्यास तो वर निघून न जाता मंचाखालच्या पोकळीत साचतो, आणि ही पोकळी बहुधा कापडाने झाकलेली असते. ‘शीत ठिणगी’ नावाच्या यंत्रात टायटॅनियम किंवा झिर्कोनियम या धातूंची पूड तापवून उडवितात. तिचे नाव फसवे आहे. दूरवर पडणारी ठिणगी लवकर निवते हे खरे; पण यंत्राच्या तोंडाशी ती चांगलीच तप्त असते. जवळ थर्माकोल, कृत्रिम धाग्यांचे पडदे किंवा वाळलेल्या फुलांच्या माळा असतील, तर तेवढी उष्णता पुरेशी होते. राळेच्या पुडीचाच नियम येथेही लागू आहे. फरक एवढाच की, कळ दाबणारा मनुष्य आता मंचापासून दूर, कधी ध्वनिक्षेपकाच्या टेबलापाशी बसलेला असतो. झळ त्याला लागत नाही.

कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या वारशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ याखाली १९६० साली झालेल्या सार्वजनिक करमणुकीच्या नियमांच्या शीर्षकातच मेळे व तमाशे यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने इमारतीचा मालक व भोगवटादार यांच्यावर स्पष्ट दायित्व टाकले. तात्पुरत्या मांडवांसाठी आय. एस. ८७५८ हे भारतीय मानक आहे. प्रेक्षकांसमोरील ज्वालेसाठीच स्वतंत्र मानक, एन. एफ. पी. ए. १६०, अमेरिकेत १९९८ मध्ये सिद्ध झाले. या सर्व तरतुदींचा रोख जागेवर, बांधणीवर व यंत्रावर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु मंगल कार्यालयाचा मालक, मांडववाला, सजावटकार आणि ज्वालायंत्र भाड्याने आणणारा असे चौघे निरनिराळे असतील, तर प्रत्यक्ष क्षणी ज्वालेचा धनी कोण, हा प्रश्न उरतोच. बहुधा तो रोजंदारीवर आलेला एखादा तरुण असतो. आणि जुन्या मशालजीप्रमाणे त्याचेही नाव कोठे नोंदलेले नसते.

दिवटीची परंपरा येथे उपयोगी पडते ती एवढ्यासाठीच. तिच्यात चार गोष्टी एकत्र होत्या : ज्वाला एका माणसाच्या हाती होती, तो ज्वाला आणि प्रेक्षक दोहोंना पाहू शकत होता, इंधन वेगळे व मोजके होते, आणि विझविणे हे ठरलेले कार्य होते. चांगल्या ज्वालायंत्रात कळ दाबून धरली असेतोवरच ज्वाला निघते, हात सुटताच ती थांबते. म्हणजे यंत्रशास्त्रानेही अखेर मानवी हाताची जागा मान्य केली आहे. उरलेल्या तीन अटी यंत्र पुरवीत नाही. कळ धरणाऱ्यास मंच, छत आणि पहिली रांग स्पष्ट दिसली पाहिजे व प्रयोग थांबविण्याचा अधिकार असला पाहिजे. सिलिंडर मंचाखाली नव्हे, तर उघड्या हवेत उभा पाहिजे. प्रयोग संपताच झडप बंद करून, नळीतील वायू निघून गेल्याची खात्री करूनच मंच इतरांच्या हवाली झाला पाहिजे.

याखेरीज आणखी एक अट आहे, आणि ती जुन्या व्यवस्थेतही नव्हती. ज्वाला धरणाऱ्याचे नाव परवान्यावर लिहिले जावे, त्याला शिक्षण मिळावे आणि भाजल्यास भरपाई मिळावी. माळेगावच्या यात्रेत ज्यांनी मशाली धरल्या त्यांची नावे आज कोणालाही सांगता येणार नाहीत. नांदेड-लातूरच्या मंचांवर आज कळ दाबणाऱ्यांविषयी पुढील संशोधकास हेच लिहावे लागू नये.