वंशावळ आणि लघुमालिका

१९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘तमस’ सुरू झाली. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील आमच्या किन्हीराजात आम्ही पोरे ज्या घरी ती पाहावयास जात असू, तेथे घरची माणसे आत बसत आणि आम्ही उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी. गोविंद निहलानींचा नथू मी तेथूनच पाहिला. पाच रुपयांसाठी तो डुक्कर मारतो, ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून स्थगिती उठविली. वाद झाला तो हिंदू-मुसलमानांचा. उंबऱ्याबाहेर मात्र आमची चर्चा नथूची होती. तो चांभार होता ना!

मोजक्या रात्रींत संपणारी ही मालिका अमेरिकेत भरास आली होती. तेथील नेहमीच्या मालिका जाहिरातींच्या बळावर वर्षानुवर्षे चालत. बीबीसीची ‘फोर्साइट सागा’ १९६९ मध्ये तेथे गेली, आणि आरंभ-अंत असलेली कादंबरी पडद्यावर चालते हे धंदेवाल्यांना उमगले. १९७६ मध्ये ‘रिच मॅन, पुअर मॅन’ गाजली. मग जानेवारी १९७७ मध्ये एबीसीने अॅलेक्स हेलींची ‘रूट्स’ सलग आठ रात्री दाखविली. गुलामांची कथा गोरा प्रेक्षक पाहील की नाही, ही धास्ती होती. पडलीच तर आठवड्यात उरकेल, असा हिशेब. शेवटच्या रात्री सुमारे दहा कोटी लोक संचासमोर होते.

‘होलोकॉस्ट’ १९७९ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीत दाखविली गेली. त्याच वर्षी जुलैत तेथील संसदेने खुनाच्या गुन्ह्यावरील मुदतीची अट काढून टाकली. केवळ मालिकेमुळे असे मी म्हणणार नाही, पण घराघरांत बोलणे तिने सुरू केले. पुढे ‘शोगुन’, ‘थॉर्न बर्ड्स’; आणि १९८८-८९ च्या ‘वॉर अँड रिमेम्ब्रन्स’चा खर्च दहा कोटी डॉलरांवर गेला. इतका पैसा परत मिळेना. त्या वैभवाला ओहोटी लागली.

‘रूट्स’ मी पुष्कळ उशिरा, कॅसेटवर पाहिली. कुंटा किंटेला ‘टोबी’ म्हणवून घेण्यासाठी चाबकाने फोडतात, तो प्रसंग मी दोनदा थांबवला. हेलींची वंशावळ संशोधकांच्या कसोटीला पुरती उतरली नाही, दुसऱ्याच्या कादंबरीतला मजकूर घेतल्याबद्दल १९७८ मध्ये त्यांना तडजोडही करावी लागली. मला त्याचे फारसे वाटत नाही. आपल्या सात पिढ्या मागे माणूस होता, हे तो लेखक सांगू धजला. आमच्या नथूला मागच्या पिढ्याच नाहीत. तो कथेत येतो तो डुक्कर मारायला!

आमची वंशावळ शोधण्याची वेळ आली ती पुतण्याच्या जातीच्या दाखल्यासाठी. १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. कोतवाल बुकाची नक्कल काढली. आजाच्या जन्माची नोंद सापडली. आजाचे नाव तीत नव्हते. ‘कचऱ्या महार यास मुलगा झाला’, एवढेच होते.