बाल व किशोर मानसिक आरोग्यसेवेतील समन्वयक

मानसिक त्रास असलेल्या मुलाच्या उपचारांत मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, शिक्षक व पालक असे अनेक जण सहभागी असतात. या सर्वांना एका सूत्रात बांधणारी व्यक्ती म्हणजे समन्वयक. भारतातील रुग्णालयांत हे कार्य बहुधा मानसोपचार समाजसेवक करतात. घरची परिस्थिती जाणून घेणे, पालकांच्या संमतीने शाळेशी बोलणे, चुकलेल्या भेटींचा पाठपुरावा करणे आणि बऱ्या झालेल्या मुलास पुन्हा वर्गात रुळविणे, ही त्यांची मुख्य कर्तव्ये होत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णालयात दाखल केलेल्या १८ वर्षांखालील मुलास प्रौढांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे.

गोपनीयता हा विश्वासाचा पाया होय. परंतु तिलाही मर्यादा आहे. मुलाच्या जिवाला धोका असल्यास पालकांना सावध करावेच लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अनिवार्य आहे. म्हणूनच ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन समन्वयकाने कधीही देऊ नये. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलास समजेल अशा शब्दांत सांगावी; पुढे विश्वासघात झाल्याची भावना त्यामुळे टळते.

२०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य साहाय्य मिळते.