वस्तादाचे नाव



चैत्र लागला की आपल्या जुन्नर-आंबेगावात गावोगाव जत्रांचे आखाडे भरू लागतात. कुस्तीचा फड कसा असतो, हे वारूळवाडीच्या माणसाला सांगावयास नको. हलगी कडाडते, जोड ठरते, आणि पुकारणारा खणखणीत आवाजात सांगतो : अमक्या गावचा, अमक्या तालमीचा, अमक्या वस्तादाचा पठ्ठा. पैलवानाच्या नावामागोमाग वस्तादाचे नाव एका दमात घेतले जाते. कुस्ती निकाली झाली की फेटा पठ्ठ्याच्या डोक्यावर चढतो, आणि पठ्ठा वस्तादाच्या पायांवर वाकतो. त्यासाठी कोणी समिती नेमत नाही, की मते मोजत नाही.

आज मला आपल्यापुढे जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो एवढाच, की गावच्या आखाड्याला जे साधते, ते मोठ्या सन्मानांना का साधू नये? जो शिकवितो, आणि यशस्वीपणे शिकवितो, त्याला पुरस्कारांच्या निवडीत न्याय मिळतो काय? मी कामगार चळवळीतला माणूस आहे. काम कोणी केले आणि नाव कोणाचे लागले, हा प्रश्न माझ्या रोजच्या व्यवहारातला आहे. त्याच नजरेने मी हा इतिहास पाहिला.

प्रथम काही सनावळी पाहू. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली. शिकविणाऱ्यांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. मध्ये चोवीस वर्षे गेली. ह्या चोवीस वर्षांत देशाला खेळाडू दिसत होते आणि त्यांना घडविणारे दिसत नव्हते, असाच ह्याचा अर्थ होतो.

त्याही आधीची गोष्ट खाशाबा जाधवांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या ह्या पैलवानाने १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा १९८४ साली वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० साली मिळाला. ज्याने पदक आणले त्याची ही कथा, तर ज्यांनी त्याच्याकडून जोर काढून घेतले आणि डाव घोटवून घेतले, त्या वस्तादांची कथा कोण विचारतो? ज्या काळात त्यांचा गौरव व्हावयाचा, त्या काळात असला पुरस्कारच अस्तित्वात नव्हता.

पहिल्या वर्षी, १९८५ साली, द्रोणाचार्य पुरस्कार तिघांना मिळाला. पी. टी. उषाचे गुरू नंबियार, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज, आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. ह्या मंडपात कुस्तीवर जीव टाकणारी माणसे शेकड्यांनी असतील. त्यांनी आपल्या मनाशीच विचारावे, की ह्यांतले भागवतांचे नाव आपण याआधी कितीदा ऐकले होते? नंबियारांचे नाव उषाच्या कीर्तीबरोबर घरोघरी गेले. एकाच यादीतल्या दोन गुरूंपैकी एक स्मरणात राहतो आणि दुसरा कागदावर. शिष्याची प्रसिद्धी हे गुरूचे मोजमाप होऊन बसले, ते अगदी आरंभापासून.

आता रमाकांत आचरेकरांकडे येऊ. त्यांना मान मिळालाच नाही असे मी म्हणणार नाही. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री मिळाली. पण तो मान कशाबद्दल मिळाला? सचिन तेंडुलकर कराचीच्या मैदानात पहिल्या कसोटीला उतरला तो १९८९ च्या नोव्हेंबरात, आणि पुरस्कार आला पुढच्याच वर्षी. आचरेकरांचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. लालचंद राजपूत १९८५ साली आणि चंद्रकांत पंडित १९८६ साली कसोटी खेळले, तेही त्यांच्याच हाताखालून गेलेले. स्वतः आचरेकर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. पण स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून हा माणूस शिवाजी पार्कवर पोरांच्या मागे उभा राहिला. एका मैदानावरचा डाव आटोपला की सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते दुसऱ्या मैदानावर घेऊन जात. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो सचिनला बाद करील त्याचे ते नाणे. सचिन नाबाद राहिला तर ते त्याचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेविली आहेत.

मला विचाराल तर आचरेकरांचे खरे यश ह्या तेरा नाण्यांत मावत नाही. त्यांच्या जाळ्यापाशी येऊन गेलेली कितीतरी पोरे कसोटीवीर झाली नाहीत. पण सरळ बॅटने खेळावयास आणि वेळेवर मैदानात हजर राहावयास शिकली. त्या कामाला पुरस्काराच्या अर्जात रकाना नाही. आणि सन्मान मिळूनही विसर पडतोच. आचरेकर २०१९ च्या २ जानेवारीला वारले. पद्मश्री असूनही त्यांच्या अंत्ययात्रेला शासकीय इतमाम लाभला नाही. विसंवादामुळे असे घडले, असा खुलासा मागाहून सरकारकडून झाला. शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक झाले ते २०२४ च्या ३ डिसेंबरला, त्यांच्या जयंतीदिनी.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे असे समजू नये. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचे मोठे वेड आहे, आणि तेथे 'वर्षाचा सर्वोत्तम मार्गदर्शक' मते घेऊन निवडतात. ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेफ्स्की ह्यांनी १९८० ते २०२२ पर्यंत एकाच संघाला शिकविले आणि पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांतली तीन पदे २००१, २०१० आणि २०१५ सालची. पण ज्या अटलांटिक कोस्ट गटात त्यांचा संघ खेळे, त्या गटाचा सर्वोत्तम मार्गदर्शक म्हणून त्यांची शेवटची निवड झाली २००० साली. पुढे तीनदा देश जिंकला, तरी आपल्याच गटाची मते मिळाली नाहीत! असे का व्हावे? मला ह्याचे कारण असे दिसते : चांगली मुले त्यांच्याकडेच जातात, मग जिंकले तर नवल ते काय, असा मत देणाऱ्यांचा हिशेब असणार. ज्याचा संघ तळाचा होता आणि यंदा अचानक वर आला, त्याचे कौतुक होते. जो वर्षानुवर्षे वरच आहे, त्याचे श्रम डोळ्यांना दिसेनासे होतात.

हा हिशेब मला कारखान्यात पाहून ठाऊक आहे. एका कारखान्यात यंत्र बंद पडले, की धावत जाऊन ते सुरू करणाऱ्या कारागिराला साहेब सर्वांदेखत शाबासकी देत. पलीकडे एका म्हाताऱ्या कारागिराचे यंत्र वर्षानुवर्षे बंदच पडत नसे, कारण तो रोज पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास येऊन तेलपाणी करी. त्याला एकदाही बक्षीस मिळाले नाही. आम्ही विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, 'त्याचे यंत्रच चांगले आहे.' तो निवृत्त झाला आणि दोन महिन्यांत ते चांगले यंत्र बंद पडले. तेव्हा साऱ्यांना कळले, की चांगले होते ते काय होते.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. निवड करणाऱ्यांचे म्हणणे असे, की शिकविण्याची गुणवत्ता मोजावी कशी? पदके मोजता येतात. निष्ठा मोजता येत नाही. एका खेळाडूमागे चार गुरू उभे राहतात आणि चौघेही म्हणतात, हा माझा. शिवाय हाडाचीच गुणवत्ता असेल तर गुरूचे श्रेय किती, हाही प्रश्न आहेच. ह्या अडचणी खोट्या नाहीत, आणि पदक पाहून दिलेला मान चुकीचाच असतो असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेतले, आणि त्याच्या गुरू दीपाली देशपांडे ह्यांना त्याच वर्षाचा द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला. त्या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या. मान योग्यच होता. पण ज्या खेळाला ऑलिंपिक नाही, त्याने काय करावे? आपल्या खो-खोला अर्जुन पुरस्कार १९७० पासून मिळू लागला, आणि खो-खोच्या गुरूला, गोपाळ पुरुषोत्तम फडके ह्यांना, द्रोणाचार्य मिळाला २००० साली. रोहित शर्माचा गुण हेरून त्याला शाळेची फी माफ करवून देणारे दिनेश लाड. रोहित भारताकडून खेळू लागला २००७ साली, आणि लाडांना जीवनगौरवाचा द्रोणाचार्य मिळाला २०२२ साली. पंधरा वर्षे गुरूने थांबावयाचे!

आणखी एक गोष्ट मला बोलावाचून राहवत नाही. पुरस्काराला नाव दिले द्रोणाचार्यांचे. ज्याला शिकविले नाही त्याच्याकडून अंगठ्याची दक्षिणा घेतली, तेही द्रोणाचार्यच. महाराष्ट्र शासन मार्गदर्शकांचा पुरस्कार पूर्वी दादोजी कोंडदेवांच्या नावाने देत असे. शिवरायांचे गुरू कोण, यावरून वाद झाला आणि ते नाव वगळले गेले. शिवनेरीच्या सावलीत राहणाऱ्या आपणांस तो वाद नवा नाही. श्रेय गुरूचे किती आणि कोणत्या गुरूचे, हा झगडा असा पुरस्कारांच्या नावांपर्यंत जाऊन पोहोचला आहे.

मग करावे काय? पुरस्कार बंद करा, असे मी म्हणणार नाही. मजुरी कमी मिळते म्हणून कोणी मजुरीच नको असे म्हणत नाही. हिशेब नीट मांडा, असे म्हणतो. माझी मागणी साधी आहे. खेळाडूला मान देताना त्याच्या मानपत्रात त्याच्या पहिल्या गुरूचे नाव लिहावे, मग तो तालमीचा वस्ताद असो की शाळेचा ड्रिलमास्तर. गुरूची निवड करताना गेल्या चार वर्षांची पदके पाहावीत, तशी त्याने किती वर्षे किती मुले टिकवून धरिली हेही पाहावे. आणि जो सतत यशस्वी आहे, त्याच्या यशाला 'यंत्रच चांगले आहे' असे म्हणून वाटेला लावू नये.

सरकार हे करील तेव्हा करो. आपल्या हाती जे आहे, ते आपण उद्यापासून करू शकतो. शाळेच्या बक्षीस समारंभात ढाल उचलणाऱ्या मुलीचे नाव घेताना, तिला पहाटे मैदानावर बोलावणाऱ्या बाईंचेही नाव घ्यावे. आखाड्यातला पुकारणारा ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. त्याला कोणी नियमावली दिलेली नाही. वस्तादाचे नाव गाळले, तर कुस्ती अर्धीच पुकारली गेली, एवढे त्याला ठाऊक आहे.